स्पॉन्सरचे शेवटचे चार आकडे

लॉटनमध्ये संध्याकाळी तोफांचा सराव चालतो.
खिडक्या थरथरतात, कपाटातल्या वाट्या एकमेकींना लागतात,
आणि मृण्मयी त्या आवाजातच गाढ झोपते,
पाळण्यापासूनची सवय.
आज तोफा गप्प होत्या
आणि ती उठली, उशीवर कान घासत,
"आई, आत कुणीतरी टोचतंय."

एकशे तीन.

सांगलीहून आई म्हणाली, लसूण टाकून तेल कोमट कर,
दोन थेंब, वर कापूस.
नर्सच्या हेल्पलाइनवरची बाई म्हणाली, कानात काहीही घालू नका, मॅम.
मग विचारत राहिली: मान वळवते? उजेड सहन होतो? पाणी पितेय?
आत्ताच दाखवा. इमर्जन्सीत नको, अर्जंट केअरला.
वरची चिठ्ठी लागत नाही, फक्त नेटवर्कमधलं बघा.
आठला बंद होतं.

सव्वासात झाले होते.
कॅश रोडवर सगळे सिग्नल लाल,
गाडीच्या काचेवर ओक्लाहोमाची लाल धूळ,
मागच्या सीटवर ती रडत नव्हती.
ती रडली असती तर मी जरा हळू चालवलं असतं.

काउंटरवर लोरेटा. चष्मा साखळीला.
"स्पॉन्सर सोबत आहेत?"

स्पॉन्सर हा शब्द मला अजून
गणपतीच्या मांडवावरच दिसतो,
सौजन्य: अमुक ज्वेलर्स, तमुक दूध डेअरी.
हेरंब, तू माझ्या मांडवाचा सौजन्यकर्ता.

"नाहीत. पोलंडला आहेत."
"त्यांच्या नंबरचे शेवटचे चार आकडे?"
माझा स्वतःचा फोन नंबर मला अडखळत येतो,
हे चार मी झोपेतही सांगेन.
बाळंतपणाला हेच सांगितले होते, दोन कळांच्या मध्ये.

"मुलीचं कार्ड?"
दहा वर्षांखाली कार्ड मिळत नाही.
ती माझ्या कार्डावर, मी त्याच्या नंबरावर,
तो कुठल्याशा जंगलात, कुणाच्या तरी हुकमावर.
उतरंडीतली सगळ्यात वरची लोटकी
माझ्या खांद्यावर तापत होती.

माझ्या फोटोपाशी लिहिलंय, डिपेंडंट.
आजोबा पुण्यात वार लावून जेवले,
सोमवारी या घरी, मंगळवारी त्या.
त्यांच्याकडे निदान कार्ड नव्हतं.

तपासणाऱ्या बाईने दिवा लावून कानात पाहिलं.
पडदा लालबुंद, फुगलेला.
"आज रात्री फुटला असता."
मग सहज विचारलं, "घराजवळ मोठे आवाज होतात का?"
मला हसू आलं. तिलाही आलं,
तिचाही नवरा तोफखान्यातच निघाला.

मी पर्स उघडून उभी.
"काही नाही, मॅम. झीरो."
"काहीच नाही?"
"झीरो."
बाबांच्या वेळी मिरजेत
आधी डिपॉझिट, मग स्ट्रेचर;
मी कानातल्या कुड्या काढून मामाच्या हातात दिल्या होत्या.
भोकं अजून तशीच आहेत.
या वेळी काय गहाण पडलंय
ते पावतीवर छापलेलं नव्हतं.
मी तरी पावती नीट घडी करून ठेवली.

गुलाबी औषध. चमच्याला बबलगमचा वास.
अकराच्या सुमारास ताप उतरू लागला,
तिने कूस बदलली, दुखऱ्या कानावरच झोपली.
मी तेलाची वाटी धुऊन टाकली,
लसूण काळा पडला होता.

साडेअकराला त्याचा फोन.
तिकडे उजाडलं होतं, मागे कुणीतरी भांडी आपटत होतं.
"अर्जंट केअरला जाऊन आलो," मी म्हणाले.
"काय?"
"कान."
"काय?"
"अरे, कान! कान!"

भांड्यांचा आवाज थांबला.
तो बहुतेक बाहेर आला असावा, वारा ऐकू येत होता.
मग हळू आवाजात म्हणाला,
"तुला कुणी कळवलं?"